वाऱ्यावर वाळवलेली गाडी

आमच्या दांडी गावात ओली वस्तू सुकवायची म्हणजे वाऱ्याला लावायची. बोंबील असोत, जाळी असोत, गोधड्या असोत, समुद्राकडे तोंड करून टांगल्या की काम झालं. त्यामुळे माझ्या नवऱ्यानं आमच्या मुलाची कोरी काळी गाडी धुतली, शेजारची माणसं गोळा करून ती ढकलत ढकलत किनाऱ्यावरच्या पुळणीच्या तोंडाशी नेली आणि बोंबलांशेजारी वाऱ्याला लावून ठेवली, यात त्याच्या मते काहीच वावगं नव्हतं.

माझ्या मते होतं. पोराची गाडी, पोराला न विचारता, असली उठाठेव कशाला? पण मी त्याला थांबवलं नाही आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. कारण गाडी धुताना दामू गुणगुणत होता.

दामू म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, मनात तो दामूच. जन्मभर तांडेल, होडीचा मुख्य. खलाशांवर ओरडून ओरडून घसा इतका मोकळा झालेला की घरात मीठ मागितलं तरी शेजारची सुलू दारात यायची, काय झालं म्हणून. मीही काही कमी नाही. अंगणवाडीत मी पोरं सांभाळली आहेत, आवाजाला आवाज लावता येतो. लग्न झाल्यापासून आमचं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं. एखादा दिवस शांत गेला तर सुलूच विचारायची, घरात कुणी आजारी हाय काय?

मग दिवाळीनंतर तो होडीवरच चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी हृदयात स्टेंट घातला आणि सांगितलं, समुद्र बंद. होडी पुतण्याच्या ताब्यात गेली. दामूचा जीव वाचला, पण आवाज गेला. घशाला काही झालं नव्हतं. बोलायचंच त्यानं सोडलं. सकाळी खाटेवर बसायचा, तोंड भिंतीकडे, पाठ समुद्राकडे. मी एकदा कालवणात मीठच घातलं नाही. विसरून नव्हे, मुद्दाम. म्हटलं आता तरी ताट सरकवेल, माझ्या माहेराचा उद्धार करेल. त्यानं निमूटपणे जेवून हात धुतला.

"अळणी हाय ना?" मीच विचारलं.

"ठीक हाय," तो म्हणाला.

ठीक हाय! त्या दोन शब्दांची मला अशी चीड आली की मी पातेलं आपटलं. त्यानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. अंगणवाडीत मी एवढं नक्की शिकले होते की रडणाऱ्या पोराची काळजी करायची नसते, गप्प बसलेल्या पोराची करायची असते. मला माझा माणूस परत हवा होता. ओरडणारा, चुका काढणारा, जसा होता तसा. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

आणि त्या सकाळी तो गुणगुणत होता. आमचा मुलगा निमेश तारापूरच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. कामाला कंपनीच्या बसनं जातो आणि गाडी घरी ठेवतो, जिथे पूर्वी जाळी पडलेली असायची त्या पडवीत. रोज संध्याकाळी आला की आधी तिच्यावरची धूळ फुंकणार, मग चहा पिणार. त्या दिवशी तो पहिल्या पाळीला गेला आणि दामू भिंतीकडे बघायचं सोडून गाडीकडे बघत बसला. थोड्या वेळानं उठला, विहिरीवरून बादली भरून आणली आणि धुवायला लागला. होडी किनाऱ्याला लागली की तो ती अशीच धुवायचा, नाकापासून शेपटीकडे, बाजूनं थापट्या मारत.

धुऊन झाल्यावर त्याला गाडी वाऱ्याला लावायची होती आणि चालवता तर येत नाही. त्यानं रिक्षावाल्या भिकाला बोलावलं. भिकालाही रिक्षाच यायची, म्हणून त्यानं घरातली किल्ली लावून नुसतं गियर काढलं आणि स्टिअरिंग धरलं, आणखी दोघं-तिघं मागे लागले, आणि मग जे झालं ते बघायला सगळी गल्ली बाहेर आली.

"अरे डावीकडं घे! डावीकडं! तुज्या बापानं कदी होडी वर काढली होती का? नाक वाऱ्याला दे! नाक!"

त्याचा आवाज होता तो. कितीतरी महिन्यांनी. मी पडवीचा खांब धरून उभी राहिले. सुलू म्हणाली, "वहिनी, दामूदादा बरा झाला गं." मी तिच्यावरच खेकसले, नजर लावू नको म्हणून.

आता खरं नुकसान कसं झालं ते सांगते. आमच्याकडचा दुपारचा वारा नुसता वारा नसतो. त्यात मीठ असतं, बारीक वाळू असते, ओठांवरून जीभ फिरवली तर कळतं. आमच्या विहिरीचं पाणीही जरा मचूळच. उन्हानं ते पाणी गाडीवरच वाळलं आणि काळ्या पत्र्यावर पांढरे डाग उठले, वरून वाळूची पूड बसली. दामूनं डाग पाहिले आणि होडीच्या बुडाला शेवाळ धरल्यावर जे करायचं तेच केलं. जुन्या नायलॉनच्या जाळ्याचा बोळा घेतला आणि घासायला लागला. आमच्या दांडीत भांडी, होड्या आणि लहान पोरांच्या टाचा, सगळं त्याच बोळ्यानं घासतात. डाग गेले. दामू खुशीत घरी आला, चहात साखर कमी आहे म्हणून माझ्यावर ओरडला, आणि मी देवापुढे दिवा लावला. भर दुपारी.

निमेश चार वाजता आला. बसमधून उतरला तो थेट गाडीकडेच गेला, कारण ती त्याला रस्त्यावरूनच दिसली. मी आणि दामू मागोमाग गेलो. तिरप्या उन्हात बॉनेट चमकत होतं आणि त्यावर ओरखडेच ओरखडे, जणू कोंबड्यांनी उकरलं होतं. गोल गोल, एकात एक, छपरापर्यंत गेलेले.

निमेश ओरडणाऱ्यांतला नाही. तो गप्प बसणाऱ्यांतला आहे, लहानपणापासून. त्यानं बोटानं एक ओरखडा चाचपला. दामू शेजारी उभा होता, कौतुकाची वाट बघत.

"बाबा," निमेश म्हणाला, "यापुडं गाडीला हात नका लावू."

बस्स. गाडी पडवीत आणली, वर आवरण घातलं, किल्ली खिशात टाकली. दामू तसाच पुळणीवर उभा राहिला. घरी आला तेव्हा खाटेवर बसला, तोंड भिंतीकडे.

दुसऱ्या दिवसापासून मी चहात साखर घालणंच सोडलं. "ठीक हाय," तो म्हणाला.

त्या आठवड्यात मी घरात किती आदळआपट केली ते सांगत नाही. शेवटी एका संध्याकाळी निमेश जेवायला बसला आणि मी त्याच्यापुढे भाकरी वाढायच्या ऐवजी हातात धरून उभी राहिले.

"आये, भाकरी दे."

"आदी मला सांग. पत्रा मोटा का बाप मोटा?"

"तू उगाच काय पण बोलते."

"उगाच? तो माणूस परत मुका झालाय. तुज्यामुळं. चार ओरखड्यांसाठी."

तो ताटाकडे बघत राहिला. मग जे बोलला ते मला अपेक्षित नव्हतं.

"ओरखड्यांचं नाय, आये. पॉलिश केलं की जातील बरेचसे. पण मी कदी त्यांच्या होडीला हात लावला होता का? लावू दिला होता का त्यांनी? एकदाच नेला मला. मला उलटी झाली आणि त्यांनी सगळ्या खलाशांसमोर होडी माघारी फिरवली, मला किनाऱ्यावर उतरवला आणि परत गेले. पुन्ना कदी ये म्हणाले नाय. पोरं शाळेत मला काय चिडवायची ते तुला म्हाईत नाय. आता ही गाडी माझी हाय. एकटी हीच माझी हाय. तिच्यावरही त्यांनी न विचारता..."

मी भाकरी त्याच्या ताटात ठेवली. मला वाटत होतं माझ्या घरात एक पोर गप्प बसलंय. एक नाही, दोन होती, आणि दुसरं कितीतरी वर्षांपासून. अंगणवाडीवाली म्हणवते स्वतःला! मला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग नेहमीप्रमाणे रागही आला, दोघांचाही.

पुढच्याच आठवड्यात दामूची बोईसरला तपासणी होती. निमेशनं त्या दिवशी सुट्टी घेतली. म्हणाला, तुम्हाला दवाखान्यात नेतो, मग गाडी सरावलीच्या वॉशिंग सेंटरला पॉलिशला टाकतो. दामूनं मागच्या सीटवर बसताना दारालासुद्धा बोटांच्या टोकांनी हात लावला. मला रडू आलं ते मी खिडकीबाहेर बघून गिळलं.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय झकास आहे, आता हसतखेळत राहा काका. काका म्हणाले, ठीक हाय.

सरावलीचं ते सेंटर म्हणजे पत्र्याची मोठी शेड. पॉलिशवाल्या उत्तरेकडच्या भय्यानं बॉनेटवर बॅटरी मारून पाहिलं. "बाकी सब निकल जाएगा, ये एक गहरा है, रहेगा," तो म्हणाला आणि मशिन घेऊन कामाला लागला. निमेशला बँकेत काम होतं. आम्हाला तिथल्या बाकड्यावर बसवून तो गेला. मी मनातल्या मनात म्हटलं, पुष्पलता, आता काय करायचं ते तूच कर.

करायची वेळच आली नाही. शेडच्या दुसऱ्या टोकाला एक बाई मोठी पांढरी गाडी सुकवत होती. कमळी तिचं नाव. जव्हारकडच्या डोंगरातली, पावसाळ्यात गावी भात लावायचं आणि बाकीचे दिवस नवऱ्याबरोबर इथं गाड्या धुवायच्या. नवरा मिथुन पावसाच्या आधी घर शाकारायला गावी गेला होता आणि ती एकटीच मोठ्या टॉवेलशी झटापट करत होती. टॉवेल छपरावर पसरायचा तर दुसरी बाजू हाताला येत नव्हती.

दामू बघत होता. बराच वेळ बघून मला हळूच म्हणाला, "ही गाडी सावलीत का सुकवते? बाहेर एवडं ऊन पडलंय, वारा हाय."

"तिलाच विचारा," मी म्हटलं. "मला काय कळतंय?"

तो उठला नाही. पण कमळीनं ऐकलं होतं. "काका, उन्हात पाणी लगेच सुकतंय, पण त्या पाण्यातला क्षार पत्र्यावर तसाच बसतो. मंग डाग पडतात. वाऱ्यानं धूळ येते. ती धूळ पुसायला गेलं की ओरखडे." मग हसली. "मी पयल्यांदा आले तवा टॉवेल खाली पडला, तसाच उचलून साहेबाच्या गाडीवर फिरवला. पार रांगोळी काढली मी तिच्यावर! सेंटरचा मालक दोन दिवस माझ्याशी बोलला नाय."

दामूनं मान वर केली. "मग?"

"मंग काय, शिकले. काका, जरा ते टोक धरता का? मिथुन असला की तो धरतो. एकटीला जमत नाय."

दामूनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग उठला, पलीकडे गेला आणि टॉवेलची दोन टोकं धरली. आणि नांगर ओढावा तसा हिसका दिला. कमळी गाडीवर आदळता आदळता राहिली.

"काका! ओढायचं नाय! त्यात मासा नाय अडकला!"

मी इतकी मोठ्यानं हसले की पॉलिशवाल्यानं मशिन बंद करून पाहिलं. दामूचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता संपलं, आता हा बाकड्यावर येऊन बसणार. पण तांडेलाला कामात कुणी चूक दाखवली तर तो काम सोडत नाही, हे मी विसरले होते. त्यानं टोकं पुन्हा धरली.

"दाबू नका. नुसता पसरायचा आणि अलगद सरकवायचा. पाणी टॉवेल आपणच पितो. हां. अस्सं. दोगांनी एकाच वेळी."

"म्हंजे जाळं सारखं धरतात तसं," दामू म्हणाला.

"मला काय म्हाईत जाळं? मी भात लावते."

"तुला नाय कळायचं," दामू म्हणाला, आणि त्या आवाजात थोडीशी जुनी ऐट होती.

ती गाडी झाली, मग एक जीप झाली. दामू बाकड्यावर आलाच नाही. छप्पर आधी, मग काचा, मग बॉनेट, दारं सगळ्यात शेवटी, कारण खाली चिखलाचे शिंतोडे जास्त. आरशांच्या आणि हँडलच्या खाचांत पाणी लपून बसतं, तिथं नुसतं टिपायचं, घासायचं नाही. खाली पडलेला टॉवेल तसाच उचलून वापरायचा नाही, धुवायला टाकायचा. कमळी सांगत होती आणि तो खलाशासारखा ऐकत होता. जन्मात पहिल्यांदा मी त्याला कुणाचं ऐकताना पाहिलं. माझं ऐकलं असतं कधी असं!

निमेश परतायच्या आत मी कमळीला विचारून तसलेच दोन टॉवेल बाजारातून घेतले. त्याला काही सांगितलं नाही. तो बँकेतून आला तेव्हा दामू बाकड्यावर हात मांडीखाली घालून बसला होता, चोरासारखा. गाडी लखलखत होती. बॉनेटवर एकच ओरखडा उरला होता, बोटाएवढा. निमेशनं तो पाहिला. दामूनं त्याला पाहताना पाहिलं. घरी येईपर्यंत मी दोघांना शिव्या घालत होते, मनात.

रविवारी सकाळी निमेश गाडी धुवायला निघाला. आवरण काढलं, घरापुढच्या सुरूच्या सावलीत गाडी घेतली, बादल्या भरल्या. दामू आत खाटेवर. मी नवे टॉवेल घडी करून त्याच्या पायाशी ठेवले.

"जा," मी म्हटलं.

"त्यानं हात नको लावू म्हटलंय."

"म्हणू दे."

"नाय, पुष्पे. त्याची गाडी हाय. मी खराब केली." तो पहिल्यांदाच असं सरळ बोलला. "माझ्या होडीला कोणी असं केलं असतं तर मी त्याला समुद्रात फेकला असता. त्यानं नुसतं नको म्हटलं."

मी टॉवेल तिथंच राहू दिले आणि पडवीत खांबाशी येऊन उभी राहिले.

बाहेर निमेश गाडी सुकवायला लागला होता. त्यानंही कुठून तरी चांगला टॉवेल आणला होता, पण एकटा होता. छपरावर टॉवेल टाकला, ओढला, अर्धा घसरला. पुन्हा टाकला. पलीकडची बाजू निसटली आणि टॉवेल खाली वाळूत पडला. निमेशनं तो उचलला, दोनदा झटकला आणि पुन्हा छपरावर टाकायला हात वर केला.

"थांब!"

सुलूच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. निमेश हात वर धरून तसाच उभा. दामू दारात होता, कधी उठला मला कळलंही नाही.

"टाक तो खाली! वाळू लागली त्याला! एवडी पॉलिश केलेली गाडी, परत रांगोळी काडतो तिच्यावर? अक्कल हाय का नाय?"

आणि मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्याचा चेहरा पडला. निमेश त्याच्याकडे बघत होता, हातात टॉवेल, डोळ्यांत काय होतं ते मला दुरून दिसत नव्हतं. मी पुढे जाणार होते. गेले नाही. स्वतःला कसं आवरलं ते मलाच माहीत.

"तुमाला कोणी सांगितलं हे?" निमेशनं विचारलं.

"सरावलीला. ती बाई हाय ना, कमळी. तिनं शिकवलं." दामू उंबऱ्यातच उभा होता. "मी हात लावत नाय. तू म्हटलंस तसं. नुसतं सांगतो. तो टॉवेल बाद. नवा हाय माझ्याकडं."

निमेशनं वाळूचा टॉवेल बादलीत टाकला. गाडीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"एकट्याला पलीकडं पुरत नाय," तो म्हणाला.

"नायच पुरणार. दोन माणसं लागतात."

कुणी कुणाला ये म्हटलं नाही. दामू नवा टॉवेल घेऊन पायरी उतरला, गाडीच्या या बाजूला उभा राहिला आणि टॉवेलचं एक टोक छपरावरून पलीकडे फेकलं. निमेशनं ते झेललं.

"पसर. दाबू नको. माझ्या हाताकडं बग. मी सरकवला की तू सरकव. एकदम नाय, सावकाश."

टॉवेल छपरावरून सरकला आणि मागे काळा पत्रा कोरडा निघाला, स्वच्छ, आमच्या सुरूचं झाड त्यात दिसत होतं. दोघं मागच्या काचेवर आले. मग बॉनेटवर. तिथं तो बोटाएवढा ओरखडा होता. दामू थांबला. टॉवेलची टोकं त्याच्या हातात होती.

"निमेश, तुला तवा होडीवरनं उतरवला ना."

निमेशनं वर पाहिलं. मी खांबामागे होते. मी सांगितलं नव्हतं दामूला, शपथेवर सांगते, एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"तू उलटीला काठावर वाकला होतास. लाट आली. तुझा पाय सुटला आणि मी तुला शर्टाला धरून आत ओढला. तुला नसंल म्हाईत, तू डोळे मिटले होतेस. माझं काळीज असं धडधडलं... मी घाबरलो, पोरा. दामू तांडेल घाबरला. म्हणून उतरवला. खलाशांना काय सांगणार, मी भ्यालोय? म्हटलं पोराला समुद्र सोसत नाय. परत न्यायची छातीच झाली नाय माझी."

वारा सुटायला लागला होता, बॉनेटच्या कडेचं पाणी वाळायला आलं होतं. माझ्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि मी ते पुसतही नव्हते.

"मला वाटलं तुमाला माझी लाज वाटली," शेवटी निमेश म्हणाला.

"लाज? तुझी?" दामूचा आवाज फाटला. "अरे, तुज्यासाठी मी भर समुद्रातनं होडी माघारी फिरवली. ती मी बापाच्या मयतालाबी फिरवली नव्हती."

निमेशनं टॉवेलचं आपल्या बाजूचं टोक घट्ट धरलं आणि हातानंच खूण केली, सरकवा म्हणून. दोघांनी बॉनेटवरून टॉवेल सरकवला, ओरखड्यावरून सुद्धा, तितकाच अलगद. मग दारं टिपली. आरशाची खाच राहिली होती. निमेश तिथं जोरात बोट फिरवायला लागला तेव्हा दामूनं त्याचा हात धरून बाजूला केला.

"घासू नको, टिप! किती येळा सांगायचं? आणि पुष्पे!" तो मागे न बघताच ओरडला, इतक्या जोरात की सुलू दारात आली. "खांबामागं उभी राहून रडते काय? कोरडा टॉवेल आण तो दुसरा. आणि चहा टाक. साखर घाल त्यात, इतके दिवस बिनसाखरेचा पाजतेस मला, वाटलं काय, कळत नाय मला?"

"कळत होतं तर बोलायचं होतं की!" मी तितक्याच मोठ्यानं ओरडले. "तोंड काय गहाण टाकलं होतं?"

सुलूनं विचारलं, काय झालं गं वहिनी? मी म्हटलं, काही नाही झालं. आणि टॉवेल आणायला आत धावले.